१ इंची, वर शिक्का असलेला जुना फोटो मोठा छापायचाय, पण चेहरा न बदलता

जुनीपेटी :
नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवीय म्हणून धागा काढतेय. आजोबांचा एकुलता एक फोटो सापडलाय, तोही त्यांच्या नोकरीच्या ओळखपत्रावर चिकटवलेला. साधारण १ बाय सव्वा इंच, ब्लॅक अँड व्हाइट, पिवळा पडलेला आणि खांद्यापासून हनुवटीपर्यंत जांभळा गोल शिक्का मारलेला. दुसरा फोटो नाही म्हणजे नाहीच, सगळ्या नातेवाइकांना विचारून झालं. मावशीने मोबाइलवर काढून व्हॉट्सॅपवर पाठवलाय, शंभर केबीसुद्धा नाहीये. मला भिंतीवर लावायला १२ बाय १८ ची प्रिंट हवीय. एका ॲपमध्ये टाकला तर क्षणात चकाचक झाला, शिक्का बराचसा गेला, डोळे चमकायला लागले, मी खूश. आईला दाखवला तर ती म्हणाली, "छान आहे, पण कोण आहेत हे?" आता काय करू? स्टुडिओत दिला तर तेही असंच काहीतरी करून देतील का?

उगाचच :
आईंचा प्रश्न वाचून हसू आलं, सॉरी. वाचनखूण साठवतोय, माझ्याकडेही असाच एक फोटो आहे.

फिल्मवाला :
मूळ ओळखपत्र मावशींकडे आहे ना, मग आधी ते मिळवा, बाकी सगळं नंतर. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोवर कितीही मेहनत करा, वाया जाणार. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू ते १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं आणि वर जेपेग दाबून टाकतं. त्यात मावशींनी अख्खं ओळखपत्र फ्रेममध्ये घेतलं असणार, मग आजोबांच्या वाट्याला त्यातले कितीसे पिक्सेल आले? झूम करून बघा, गालावर बारीक बारीक चौकटी दिसतील. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून काम करतं, त्याच्या त्या खुणा. मोठं करणारी सॉफ्टवेअरं त्या चौकटींनाच कातडी समजून बसतात.

ओळखपत्र हातात आलं की फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ठेवायचं, फोटो उचकटायचा नाही, अजिबात नाही. १२०० डीपीआय (दर इंचाला टिपलेले ठिपके), पण स्कॅनरची ऑप्टिकल क्षमता तेवढी आहे का ते बघून. खोक्यावर ९६०० वगैरे छापलेलं असतं ते बऱ्याचदा सॉफ्टवेअरने फुगवलेलं असतं, ते फुगवणं आपण नंतर जास्त चांगल्या पद्धतीने करू शकतो. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन कलरमध्येच करा, ४८ बिट (छटांचा जास्त बारकावा) मिळत असेल तर ४८ बिट, फाइल टिफ (जेपेगसारखी माहिती न गमावणारी). ऑटो शार्प, ऑटो काँट्रास्ट, धूळ काढणे, जे जे म्हणून ऑटो असेल ते सगळं बंद. प्रिंटरच्या डोक्यावर जो स्कॅनर असतो तो मुळात कागदपत्रांसाठी सेट केलेला असतो, २०० नाहीतर ३०० डीपीआय आणि जेपेग, तिथे हाताने बदलावं लागतं.

आता हिशोब. १२०० ला स्कॅन केला की तुमचा फोटो १२०० बाय १५०० पिक्सेलचा होतो. ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर ४ बाय ५ इंच, १५० ने छापला तर ८ बाय १०. १२ बाय १८ चं म्हणाल तर आकाराचं प्रमाणच जुळत नाही, तुमचा फोटो ४:५ आणि ती प्रिंट २:३, म्हणजे दोन्ही खांदे कापावे लागतील. १२ बाय १५ होईल, १०० पीपीआयने, त्यावर पुढे बोलू.

मधलीसुट्टी :
१२०० च का, २४०० का नको?

फिल्मवाला :
करून बघायला हरकत नाही, फाइल चौपट होईल, आजोबा चौपट होणार नाहीत. नेहमीच्या कागदी प्रिंटमध्ये ६०० च्या वर फार काही हाती लागत नाही, नुसता कागदाचा पोत दिसायला लागतो. पण जुने छोटे फोटो पुष्कळदा कॉन्टॅक्ट प्रिंट असतात, म्हणजे निगेटिव्हवर थेट कागद ठेवून काढलेले, मधे मोठं करणारी लेन्सच नाही, त्यामुळे त्यांच्यात बारकावा जास्त असतो. म्हणून १२००. निगेटिव्ह मिळाली तर गोष्टच वेगळी, ३५ मिमी निगेटिव्हची फ्रेम २४ बाय ३६ मिमी असते, २४०० डीपीआयला तिचे साधारण २२७० बाय ३४०० पिक्सेल मिळतात आणि ते खरे पिक्सेल असतात. कोणाकडे जुन्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या पडल्या असतील तर कृपा करून टाकू नका.

उगाचच :
एवढा खटाटोप कशाला राव? अपस्केल म्हणून फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कंप्युटरवर टाका, फोटो द्या, चार पट करा, झालं. आत रिअल-ईएसआरगॅन नावाचं एआय मॉडेल चालतं. मी जुन्या इमारतींचे फोटो केलेत, विटा मोजता येतात.

चष्मिष :
विटांचं ठीक आहे हो, वीट बदलली तर वीट "मी नव्हे" म्हणायला येत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं.

जुनीपेटी ताई, तुमच्या ॲपने काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढे टाळता येईल. मोठं करण्याचे प्रकार तीन. जुनी पद्धत बायक्युबिक, लँक्झोस वगैरे, ती शेजारच्या पिक्सेलवरून मधला पिक्सेल काढते, नवीन काही घालत नाही, फोटो मऊ राहतो पण प्रामाणिक राहतो. दुसरी रिअल-ईएसआरगॅनसारखी (२०२१ चं आहे), ती लाखो फोटो बघून शिकलेली असते की अशा पुसट कडेच्या जागी सहसा काय असतं, आणि ते तिथे भरते. कापड, केस, भिंत, पानं यांना बरी. तिसरी खास चेहऱ्यांची, जीएफपीगॅन (२०२१), कोडफॉर्मर (२०२२) आणि यांच्यावरच बेतलेली ढीगभर ॲपं. ही चेहरा शोधतात, कापून काढतात, नवा चेहरा तयार करतात आणि पुन्हा चिकटवतात. दोन्ही मॉडेलं ज्या एफएफएचक्यू संचावर शिकलीत त्यात ७०,००० चेहरे आहेत, फ्लिकर या फोटो-साइटवरून उचललेले. म्हणजे आजोबांच्या डोळ्यांच्या जागी जे आलं ते त्या लोकांच्या डोळ्यांची सरासरी, आजोबांच्या डोळ्यांच्या आकारात बसवलेली. आईंनी बरोबर ओळखलं.

२०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं पल्स नावाचं मॉडेल आलं होतं, त्याला बराक ओबामांचा चौकटी-चौकटी झालेला फोटो दिला तर त्यातून गोरा माणूस बाहेर आला. तेव्हा बराच गदारोळ झाला होता. आत्ताची मॉडेलं एवढी गफलत करत नाहीत, पण जात तीच. माहिती नसते तिथे ती भरून काढतात, आणि भरलेली माहिती खऱ्या माहितीइतकीच ठसठशीत दिसते, खरा त्रास हा आहे. पुसट फोटोत आपल्याला निदान कळतं की इथे दिसत नाहीये.

उगाचच :
बरं बरं, विटा मागे घेतो. पण मग चेहऱ्यावर वापरायचंच नाही का काही?

चष्मिष :
वापरा की, पण लगाम हातात ठेवून. कोडफॉर्मरमध्ये एक सरकपट्टी असते ० ते १ ची. १ कडे नेली की मूळ चेहऱ्याला धरून राहतो, ० कडे नेली की देखणा होतो आणि दुसऱ्याचा होतो. ०.८ च्या खाली मी घरच्या माणसांच्या फोटोत जात नाही. आणि जो निकाल येईल तो वेगळ्या लेअरवर (मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर) ठेवून त्याची अपारदर्शकता ३०-४० टक्के करायची, डोळे, ओठ आणि नाकाची टोकं मास्कने (थराचा नको तो भाग झाकून) पूर्ण वगळायची. कपाळ, गाल, मान इथे मदत घ्या, ओळख जिथे आहे तिथे घेऊ नका.

दुसरी गोष्ट, ही सहसा कोणी सांगत नाही. ही चेहऱ्याची मॉडेलं ५१२ बाय ५१२ च्या चौकोनावर काम करतात. तुमच्या १२०० च्या स्कॅनमध्ये फोटोची उंची १५००, म्हणजे डोकं साधारण ६००-७०० पिक्सेलचं असेल. मॉडेल ते आधी ५१२ ला बसवणार, म्हणजे खाली आणणार, आणि मग वर नेणार. असलेलं घालवून नसलेलं घ्यायचा धंदा. व्हॉट्सॅपवाल्या फोटोत चेहरा शंभरेक पिक्सेलचा असताना ॲपला काहीतरी काम होतं, चांगल्या स्कॅनवर त्याची गरज उरत नाही.

कावळेकाका :
चष्मिषरावांना दंडवत. माझं एकच म्हणणं, मोठाच का हवा? ४ बाय ५ चा नीट फोटो, भोवती रुंद पांढरा माउंट, आणि मग १२ बाय १५ ची चौकट. चौकट मोठी दिसते, फोटो खरा राहतो. लोकांना फोटो मोठा करायची हौस, माणूस दिसेनासा झाला तरी चालेल.

जुनीपेटी :
सगळ्यांचे आभार, खरंच. कावळेकाका, माउंटची कल्पना आवडली पण आईची दृष्टी कमी झालीय, तिला लांबून दिसायला हवा, म्हणून मोठा.

मावशीकडून ओळखपत्र आणून १२०० ला स्कॅन केलं. काय सांगू, खिशाला लावलेलं पेन दिसतंय, पेनाची क्लिपसुद्धा! व्हॉट्सॅपच्या फोटोत तिथे नुसता डाग होता, ॲपने तर त्याचं बटण केलं होतं. आता दोन अडचणी आहेत. एक तो शिक्का. दुसरी, डाव्या भुवईत मधोमध एक बारीक पांढरी रेघ आहे, ॲपने ती भरून सलग भुवई करून टाकली होती. तो ओरखडा आहे की आजोबांना खरंच लागलं होतं तिथे? आईला आठवत नाही, ती लहान असतानाच ते गेले. काढू की ठेवू?

मधलीसुट्टी :
काढू नका, आधी तपासा. फोटो स्कॅनरवर ९० अंशात फिरवून पुन्हा स्कॅन करा, त्याच सेटिंगला. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे कागदाच्या पृष्ठभागावरचा ओरखडा, घडी, ठसा हे फिरवल्यावर वेगळे दिसतात, कधी पांढऱ्याचे काळे होतात, कधी जवळपास नाहीसे होतात. चित्रात असलेली गोष्ट कशीही फिरवली तरी तशीच राहते. दिव्याखाली तिरका उजेड पाडून भिंगातूनही बघा, ओरखड्याला खाच असते. आणि रेघ भुवईच्या बाहेर कपाळावर किंवा पापणीवर सरळ पुढे जातेय का बघा. निगेटिव्हवरचा ओरखडा असेल तर त्याला भुवई कुठे संपते ते माहीत नसतं.

चष्मिष :
वा, हे फिरवून बघायचं मला सुचलं नसतं.

जुनीपेटी :
फिरवून बघितलं. रेघ जशीच्या तशी. आणि भुवईच्या केसांपुरतीच आहे, वर खाली जात नाही. गालावरच्या ज्या दोन रेघा होत्या त्या मात्र फिरवल्यावर बदलल्या. मावशीला फोन केला, ती मोठी आहे, ती म्हणाली अगं हो, लहानपणी झाडावरून पडले होते असं आजी सांगायची.

कावळेकाका :
झालं. आता ती भुवई कोणी सलग केली तर माझ्याशी गाठ आहे.

फिल्मवाला :
:) आता शिक्का. इथेच कलर स्कॅनचा उपयोग आहे, म्हणून आधी आग्रह धरला होता. कलर स्कॅनमध्ये तीन चॅनल असतात, लाल, हिरवा, निळा, आणि प्रत्येक चॅनल हा स्वतंत्र काळापांढरा फोटोच असतो. जांभळी शाई हिरवा उजेड खाते, त्यामुळे हिरव्या चॅनलमध्ये शिक्का सगळ्यात गडद दिसतो. कागदाचा पिवळेपणा आणि पिवळे डाग निळा उजेड खातात, ते निळ्या चॅनलमध्ये गडद. उरला लाल, त्यात पिवळा डाग जवळजवळ दिसत नाही आणि जांभळी शाईही फिकी पडते, किती फिकी ते त्या शाईवर आहे. जिंपमध्ये (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) रंग, मग घटक, मग डीकंपोज, आरजीबी निवडा, तीन वेगळ्या लेअर मिळतील. फोटोशॉपमध्ये चॅनल्सचं पॅनेल उघडा, एकेक क्लिक करून बघा. लाल घेऊन सुरुवात करा.

एक गंमत, फोटो डागाळलेला नसून नुसताच फिका पिवळट-तपकिरी झाला असेल तर बरोबर उलटं करावं लागतं, तिथे निळ्या चॅनलमध्ये काँट्रास्ट जास्त मिळतो, कारण विटलेलं चित्रच पिवळट झालेलं असतं. त्यामुळे नियम पाठ करू नका, तिन्ही बघा.

जुनीपेटी :
अहो हे जादूसारखं आहे! लाल चॅनलमध्ये शिक्का नुसता सावलीसारखा उरलाय. हनुवटीवर एक अक्षर आणि कॉलरवर गोलाची कड एवढंच गडद आहे, शाई तिथे जाड असावी.

चष्मिष :
तेवढं आता हाताने. नवी रिकामी लेअर घ्या, हीलिंग ब्रशला (आजूबाजूशी मिसळून डाग बुजवणारा) "सगळ्या लेअरवरून नमुना घे" सांगा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही आणि आवडलं नाही तर लेअर पुसली की संपलं. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा, कडा मऊ. सपाट जागी, म्हणजे गाल, पार्श्वभूमी, हीलिंग ब्रश. जिथे कड आहे, म्हणजे कॉलरची रेघ, हनुवटीची रेघ, तिथे हीलिंग घाण करतो, आजूबाजूचा काळा ओढून आणतो, तिथे क्लोन स्टँप (नमुना जसाच्या तसा उमटवणारा). हनुवटीच्या डावीकडून नमुना घेऊन उजवीकडे लावायचा मोह होईल, उजेड कुठून येतोय बघा आधी, नाहीतर सावलीच्या बाजूला उजेड येतो आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

"डस्ट अँड स्क्रॅचेस" फिल्टर अख्ख्या फोटोवर मारू नका, पापण्या घेऊन जातो. मारायचाच तर पार्श्वभूमीवर.

आणि क्रम लक्षात ठेवा, आधी दुरुस्ती, मग मोठं करणं. उलट केलं तर सॉफ्टवेअर धुळीचा प्रत्येक कण प्रेमाने धारदार करून देतं, आणि मग तीच धूळ चौपट जागेत टिपत बसायचं.

राघूमैना :
मधेच विचारते, माझे फोटो रंगीत आहेत, १९७० च्या दशकातले, सगळे लालसर झालेत, आणि कागद असा बारीक मधमाशीच्या पोळ्यासारखा उठावाचा आहे, स्कॅन केला की चेहऱ्यावर जाळी येते. दोन्हीवर काही उपाय?

फिल्मवाला :
लालसर होण्याचं कारण असं की रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात, निळसर सियान, मजेंटा आणि पिवळा. त्या काळच्या कागदातला सियान अंधारात अल्बममध्ये बंद असला तरी उडतो, मग उरतात मजेंटा आणि पिवळा, म्हणजे लाल. (उजेडात टांगलेल्या फोटोचं वेगळं, तिथे मजेंटा आधी जायचा.) लेव्हल्समध्ये (उजेड-गडदपणाच्या आलेखात) जा, एकत्र आरजीबी नको, लाल, हिरवा, निळा एकेक उघडा आणि आलेखाचे दोन्ही टोकांचे त्रिकोण जिथे डोंगर सुरू होतो तिथे आणा. निम्मं काम तिथेच होतं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये "कलर रिस्टोरेशन" असतं ते हेच करतं, फक्त जरा जोरात. पार उडालेला सियान मात्र परत येत नाही, गडद भागात लाल राहतोच, तिथे थोडं समाधान मानायचं.

जाळीसाठी मधलीसुट्टींनी वर सांगितलं तेच तत्त्व. एक स्कॅन सरळ, दुसरा फोटो १८० अंशात फिरवून. दुसरा कंप्युटरवर पुन्हा सरळ करा, पहिल्यावर लेअर म्हणून ठेवा, तंतोतंत जुळवा, वरच्याची अपारदर्शकता ५० टक्के. एका स्कॅनमध्ये उंचवट्याची सावली एका बाजूला पडते, दुसऱ्यात विरुद्ध बाजूला, दोन्ही मिळून बरीचशी मरतात. कॅमेरा असेल तर दोन्ही बाजूंच्या दिव्यांवर पोलरायझर (चकाकी अडवणारी) फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर ९० अंशात फिरवून, त्याने उठावाच्या कागदाची चमक आणि जुन्या फोटोच्या काळ्या भागावर जी निळसर चंदेरी झाक येते ती, दोन्ही जातात.

उगाचच :
स्कॅनर नाहीये, मोबाइलने जमेल का?

मधलीसुट्टी :
मोठ्या फोटोंचं जमेल, १ इंचीचं नको. मोबाइल अगदी जवळ नेला की कडा वाकतात आणि मोबाइलची सावली पडते. लांब धरून २ एक्सच्या लेन्सने, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात उजेड, फ्लॅश बंद, फोन कशावर तरी टेकवलेला. गुगलचं फोटोस्कॅन ॲप फोन थोडा थोडा हलवून अनेक शॉट घेऊन चकाकी काढतं, घाईत बरं आहे. आणि दुसऱ्याला पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही.

राघूमैना :
मी एकीला रंगीत करून दिलेला बघितलाय काळापांढरा फोटो, मस्त दिसतो. जुनीपेटी, तुम्ही पण करा ना आजोबांचा.

चष्मिष :
वेगळी प्रत म्हणून हौस करायला हरकत नाही, पण रंग म्हणजे पूर्ण अंदाज. त्यातून जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल कापड जवळजवळ काळं यायचं, निळं आभाळ पांढरं पडायचं, ओठ गडद. सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार, ते काळ्याला काळाच रंग देतं. लाल शर्टाचा माणूस आयुष्यभर काळ्या शर्टात.

जुनीपेटी :
रंग नको, आईने त्यांचा काळापांढराच फोटो बघितलाय. दुरुस्ती झाली. शिक्का गेला, भुवई आहे तशी आहे, पेन आहे. आईला विचारलं, ती फार काही बोलली नाही, फक्त प्रिंट कधी येणार म्हणाली. आता छापायचं सांगा.

फिल्मवाला :
डोळ्याला किती बारीक दिसतं यावर सगळं आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा दिसतो, त्यावरून हिशोब निघतो, ३४३८ भागिले बघण्याचं अंतर इंचांत, तेवढे पीपीआय पुरेसे. हातात धरून १० इंचांवरून बघायचं तर ३४४, म्हणून ३०० चा नियम. भिंतीवर ३ फुटांवरून बघायचं तर ९५. म्हणजे तुमची १२ बाय १५ ची प्रिंट १०० पीपीआयने ३ फुटांवरून ठीक दिसेल, आईंना तर दिसेलच. जवळ जाऊन नाक लावणाऱ्या पाहुण्यांचं सोडून द्या.

तरी थेट १०० ने पाठवू नका, लॅबचं मशीन स्वतः मोठं करेल, कसं करेल सांगता येत नाही. तुम्हीच दोन पट करा, २४०० बाय ३०००, २०० पीपीआय. बायक्युबिक किंवा लँक्झोसने चेहरा, रिअल-ईएसआरगॅनने केलेली प्रत वर ठेवून फक्त कोट, पेन, केस मास्कने घ्या, उगाचचही खूश. मग अगदी हलका ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका सगळ्या फोटोवर, एकसारखा. दोन पद्धतींचे तुकडे त्याने एकजीव होतात आणि हीलिंग केलेली गुळगुळीत जागा उघडी पडत नाही. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंटच्या आकारात, स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकं.

मधलीसुट्टी :
कागद मॅट किंवा लस्टर (अर्धवट चमकीचा) घ्या, ग्लॉसीवर प्रत्येक दोष चमकतो आणि समोरची खिडकी दिसते. कंप्युटरचा ब्राइटनेस खाली आणून मग फोटोचा उजेड ठरवा, स्क्रीन फुल्ल ठेवून काम केलं की प्रिंट हमखास काळी येते. आणि आधी चेहऱ्याची पट्टी छापून घ्या, ४ बाय ६ च्या कागदावर, मोठ्या प्रिंटच्याच मापात, म्हणजे डोळे ते हनुवटी एवढंच मावेल. तीन वेगवेगळ्या उजेडाच्या पट्ट्या छापल्या तर आणखी बरं. ती जिथे लावणार त्या भिंतीवर धरून बघा, दिवसा आणि रात्री दिव्यात.

लॅबला फाइल एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या रंगपद्धतीत) द्या आणि "ऑटो करेक्शन नको" असं स्पष्ट सांगा. एका ठिकाणी माझ्या आत्याच्या फोटोला मशीनने परस्पर गोरं करून दिलं होतं.

कावळेकाका :
आणि मूळ स्कॅनची टिफ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, दुरुस्त केलेली वेगळी, नावात "दुरुस्त" लिहून. उद्या कोणीतरी दुरुस्त केलेल्यालाच मूळ समजून त्याच्यावर पुन्हा ॲप चालवणार.

राघूमैना :
शेवटचे दोन प्रश्न, नाहीतर वेगळा धागा काढते. एक फोटो फ्रेमच्या काचेला आतून चिकटलाय, काढताना सोलेल अशी भीती वाटते. आणि एका नातेवाइकाचं फक्त वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, त्याचा फोटो होईल का?

फिल्मवाला :
काचेला चिकटलेला काढू नका. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, ओढलात तर चित्र काचेवर आणि कागद हातात. पाणी वगैरेही घालू नका. काच बाहेरून पुसून काचेसकट कॅमेऱ्याने काढा. स्कॅनरवर ठेवायचा तर तो सीसीडी प्रकारचा (आत लेन्स असलेला, जाड) हवा, पातळ सीआयएस स्कॅनरला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिमी वर गेलं की धूसर.

कात्रणात खरा फोटो नसतोच, शाईचे लहानमोठे ठिपके असतात. ६०० ते १२०० ला स्कॅन करा, स्कॅनरमध्ये "डीस्क्रीन" (छपाईचे ठिपके विरवणारी सोय) असेल तर एक प्रत ते लावून घ्या, नसेल तर ठिपके विरतील इतकंच ब्लर करून फाइल निम्मी किंवा पाव करा. आधी एआयने मोठं करू नका, प्रत्येक ठिपक्याचा मणी होतो. मोठी प्रिंट निघणार नाही, ४ बाय ५ च्या आतच ठेवा. त्या बातमीची तारीख कात्रणावर असेल तर वृत्तपत्राच्या संग्रहात मूळ फोटो किंवा निदान कमी मळलेला अंक मिळतो का ते विचारून बघा. आणि मागच्या पानाची अक्षरं उमटत असतील तर स्कॅन करताना कात्रणामागे काळा कागद ठेवा.